आमची वाटचाल : एका थाऊसाठी चाललेला धंदा

लांब पल्ल्याची रायफल घेणारा माणूस आमच्या वर्कशॉपमध्ये आला की पहिला प्रश्न हमखास काडतुसाचा असतो. ६.५ क्रीडमूर घेऊ की .३०८ विंचेस्टर? आमचा धंदा मात्र दुसऱ्याच प्रश्नावर उभा आहे. गोळी केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) किती आत बसवायची, आणि प्रत्येक काडतुसात ती तेवढीच बसते का?

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत टूलरूमचं काम शिकलो आणि पुढे अमेरिकेत, ओहायोतल्या मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लागलो. ईरी सरोवराच्या काठावर कॅम्प पेरी आहे. तिथे १९०७ साली पहिल्यांदा राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरल्या. एका सहकाऱ्याबरोबर तिथे गेलो आणि कळलं, की १००० यार्डांवर खेळणारी बरीच मंडळी आपली काडतुसं घरीच भरतात. एफ-क्लासच्या, म्हणजे रायफल टेकूवर ठेवून खेळायच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या, लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ त्या अंतरावर जेमतेम १० इंचांचं असतं. माझं लक्ष मात्र लक्ष्यापेक्षा त्यांच्या डायकडेच, म्हणजे गोळी केसमध्ये दाबून बसवायच्या साधनाकडेच, जास्त होतं.

पहिलं काम एका निवृत्त पोस्टमनचं आलं. त्यांच्या काडतुसांची बुडापासून टोकापर्यंतची लांबी तंतोतंत सारखी होती, पण ओजाइव्हपर्यंत, म्हणजे गोळीची कमान जिथे नळीतल्या लँड्सना (आतल्या पिळदार उंचवट्यांना) टेकते तिथपर्यंत मोजलं की दर काडतुसात काही थाऊंचा फरक. (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) डायमधला स्टेम, म्हणजे गोळीला वरून दाबणारा दांडा, काढून भिंगाखाली धरला. गोळी लांब, निमुळत्या व्हीएलडी (हवेचा विरोध फार कमी असलेल्या) जातीची, आणि तिचं टोक स्टेमच्या तळाला आपटत होतं. गोळीच्या कडेवर स्टेमच्या काठाची जी बारीक गोल खूण दिसायला हवी, ती नव्हतीच. टोकं तर एकाच डब्यातल्या गोळ्यांचीही कमीजास्त असतात. त्यामुळे टोकावर दाब दिला की तो फरक थेट बसवण्याच्या खोलीत उतरतो. स्टेमचं भोक खोल केलं, आतला कोन त्या गोळीच्या कमानीला जुळवून कापला आणि काठ लॅप करून गुळगुळीत केला. फरक एका थाऊच्या आत आला. आजही आमचं सगळ्यात जास्त खपणारं काम हेच आहे.

दुसरी वस्तू गेज. बाजारातले कंपॅरेटर (ओजाइव्हपर्यंतची लांबी मोजायची साधनं) गोळीला थोड्या वेगवेगळ्या व्यासावर टेकतात, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. गनस्मिथने नळी कापली की उरलेला तुकडा आम्ही मागवून घेतो. त्याच रीमरने (चेंबर कापायच्या हत्याराने) त्यात चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाचा, गळा कापून घेतला, की गेज अगदी त्या रायफलच्याच मापाचं होतं. नळी झिजते तसे लँड्स पुढे सरकतात. हंगामागणिक किती, ते या गेजवरून कळतं.

गोळी किती खोल बसवायची, याचं एकच उत्तर नाही. व्हीएलडी गोळी याबाबत फार हट्टी. तिच्यासाठी लँड्सजवळून सुरुवात करून ४०, ८०, १२० थाऊ मागे, अशा मोठ्या पायऱ्यांनी चाचणी घ्यावी. टँजंट कमानीची, म्हणजे जिची कमान गोळीच्या सरळ अंगाला अलगद मिळते अशी, गोळी बरीच समजूतदार असते. गोळी लँड्सना टेकवली की दाब वाढतो, तेव्हा काडतुसातली दारू कमी करून पुन्हा खालून चढत यायचं, हे आम्ही प्रत्येक पाकिटावर छापतो.

काडतुसाबद्दलही माझं मत ठाम आहे. एफ-टीआर (एफ-क्लासचाच एक प्रकार) खेळायचं असेल तर नियमानेच .२२३ रेमिंग्टन किंवा .३०८. १९५२ सालचं .३०८ वाऱ्यात जास्त वाहतं, पण नळी कित्येक हजार फैरी टिकते. ६.५-२८४ वाऱ्याला छान तोंड देतं आणि साधारण हजारभर फैरींत नळी खातं. शिकणाऱ्याने जास्त गोळ्या झाडायला हव्यात, म्हणून त्याला मी .३०८ किंवा क्रीडमूरच सुचवतो.

कोल्हापूरहून फोन येतात, विशेषतः २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवल्यापासून. केवढा आनंद झाला होता! पण त्याच्या ५० मीटरच्या प्रकारात .२२ रिमफायर (बुडाच्या कडेवर पेटणारं काडतूस) चालतं. ते काडतूस कारखान्यातूनच भरून येतं. तिथे वेगवेगळे लॉट (एका खेपेत बनलेला माल) आपल्या नळीतून झाडून बघायचे आणि जो जमेल तो साठवायचा. आमची डाय तिथे उपयोगाची नाही, हे मी सांगून टाकतो.

नळ्या बसवायचं काम सुरू करा, असा आग्रह अनेकांनी केला. आम्ही नाही म्हणालो. दोन लेथ, एक ग्राइंडर, हिशेब आणि पॅकिंग पत्नीकडे. एवढ्यात प्रत्येक स्टेम मी स्वतः तपासू शकतो. ऑर्डर देताना तुमच्याच रायफलमधून झाडलेल्या तीन केस आणि वापरात असलेल्या लॉटमधल्या पाच गोळ्या पाठवा. जिवंत काडतूस किंवा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) टपालाने अजिबात पाठवू नका.