रिमूव्ह 'टू'

शाळेत इंग्रजीच्या पेपरात एक हमखास प्रश्न असायचा: रिमूव्ह 'टू' (too). टू काढायचा, त्याच्या जागी 'सो... दॅट... नॉट' बसवायचं आणि मार्क खिशात घालायचे. तोंडातला टू मात्र परदेशात नोकरीला आल्यावरच निघाला, तोही अर्धवट.

झालं असं, की एका सहकारी मैत्रिणीचा रिपोर्ट मला मनापासून आवडला. मी लगेच मेल टाकली, 'इट्स टू डिटेल्ड!' दुसऱ्या दिवशी 14 पानांचा रिपोर्ट 6 पानांवर आलेला. तक्ते गायब, परिशिष्ट गायब. वर एक ओळ, 'आता ठीक आहे का?' बिचारी रात्री जागून कापत बसली होती.

चूक तिची नव्हतीच. आपलं 'खूप' निरुपद्रवी असतं. खूप सविस्तर म्हटलं की कौतुकच. टू मात्र हातात पट्टी घेऊनच येतो: अमुक कामासाठी प्रमाणाबाहेर. म्हणून तर 'टू टायर्ड टू ड्राइव्ह' यात एकही 'नॉट' नसताना गाडी जागची हलत नाही. मराठीत हे काम बहुधा एकटा 'च' करतो. 'मोठा आहे' आणि 'मोठाच आहे जरा' यांत जेवढं अंतर, तेवढंच व्हेरी आणि टूमध्ये. गंमत म्हणजे आपल्या 'अतिशय'चा मूळ अर्थही अतिरेक असाच, पण वापरून वापरून त्याची धार गेली. आणि व्हेरी आला जुन्या फ्रेंचमधून, मूळ अर्थ 'खरा'. म्हणजे आपलं 'खरंच'!

इथले लोक टू नुसता फेकत नाहीत, आधी 'अ बिट' लावतात. 'अ बिट टू लाउड', म्हणजे हुबेहूब आपलं 'जरा जास्तच'. जरा आणि जास्त एकाच दमात! हे मला पहिल्याच दिवशी जमलं. 'टू मच नॉइज' पण 'मच टू लाउड', हे जमायला वर्ष गेलं. तोवर मी बिनदिक्कत 'टू मच लाउड' म्हणत होतो. 'एक्सेसिव्हली' आणि 'अनड्यूली' हे टूच्याच अर्थाचे कडक इस्त्रीचे शब्द, पत्रात शोभतात, गप्पांत नाही.

आणि नियम पाठ झाला म्हणेपर्यंत 'ओन्ली टू हॅपी' (म्हणजे 'अगदी आनंदानं') भेटतं, ज्यात तक्रारीचा लवलेश नाही. 'नॉट टू बॅड' ही तर चक्क शाबासकी.

असो. त्या मैत्रिणीला मी समोर बसून खुलासा केला, 14 पानं परत लावायला सांगितली आणि मुद्दाम व्हेरी घालून कौतुकाची नवी मेल पाठवली. तिचं उत्तर आलं, 'यू आर टू काइंड.'

मी ती मेल पुन्हा उघडली. कुठे जास्त झालं, ते शोधत बसलो.