जुन्या टॉवरच्या पोटातून: आमची वाटचाल

सुरुवातीला आम्ही तिघे होतो. ऑफिसच्या इमारतींतल्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी आखून देणं, एवढंच काम. मग शहराच्या मध्यभागातली जुनी ऑफिसं रिकामी पडू लागली आणि एका आर्किटेक्टने विचारलं, "१९२० च्या दशकातला टॉवर आहे, विकायचे फ्लॅट करायचेत. लाइनी तुम्ही घ्याल?" आम्ही लगेच हो म्हटलं.

ऑफिसच्या मजल्यावर सगळी बाथरूम लिफ्टशेजारी एकत्र असतात. घरं करायची तर प्रत्येक फ्लॅटला स्वयंपाकघर आणि बाथरूम हवं, म्हणजे दर मजल्याला कितीतरी नवी भोकं, आणि तीही वरपासून खालपर्यंत एका रेषेत. नकाशात काँक्रीटचा स्लॅब दिसला, आम्ही नेहमीसारखं कोअर कटिंग, म्हणजे मशीनने गोल भोकं पाडणं, सुरू केलं. तिसऱ्या भोकानंतर शेजारच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन बीममधल्या पुढच्या पट्ट्याच्या, छताला चीर गेली. काम थांबवून छत फोडून पाहिलं, तर आत सळ्या नव्हत्याच. तारेची जाळी होती, या बीमवरून त्या बीमवर झोळीसारखी सोडलेली आणि सलग. असा स्लॅब जाळीच्या ताणावर भार पेलतो. एका गाळ्यात तार तुटली की शेजारच्या गाळ्याचाही ताण सुटतो. न तपासता भोक पाडलं, ही चूक आमचीच. दुरुस्तीचा खर्च आम्ही भरला. त्या वर्षी फर्म जेमतेम तगली.

तेव्हापासून आधी छत उघडून पाहायचं, भोकाभोवती पोलादी चौकट बसवायची, जाळी तिला नीट अडकवायची आणि मगच कापायचं. त्याहून जुन्या टॉवरमध्ये भाजक्या मातीच्या पोकळ ठोकळ्यांच्या सपाट कमानी मिळतात. तिथे तर एक ठोकळा काढला तरी ओळ ढिली होते.

एवढं होऊनही या इमारतींवर माझा जीव आहे. ट्यूबलाइट आणि एसी यायच्या आधी कारकुनाला खिडकीच्या उजेडात लिहावं लागे. म्हणून मजले अरुंद, मध्ये उजेडाचे चौक आणि खिडक्या उघडणाऱ्या. घराला हेच तर लागतं! नंतरच्या रुंद काचेच्या टॉवरमध्ये मधला भाग अंधारात राहतो, तिथे बेडरूम काढणं फार कठीण. लॉस एंजेलिसने १९९९ मध्ये जुन्या इमारतींच्या पुनर्वापराची नियमावली केली. तिथल्या १९३० च्या ईस्टर्न कोलंबिया इमारतीत आज १४७ फ्लॅट आहेत. न्यूयॉर्कच्या १९१३ च्या वूलवर्थ इमारतीचे वरचे मजलेही आता घरं झालेत.

सकाळच्या गर्दीसाठी ऑफिसला भरपूर लिफ्ट लागत, घरांना तेवढ्या लागत नाहीत. रिकाम्या झालेल्या शाफ्टमधून जमेल तिथे उभ्या लाइनी नेल्या की तेवढी भोकं वाचतात.

आता आम्ही अकरा जण आहोत. फ्लॅट विकले की बिल्डर जातो, पण स्लॅब, उभ्या लाइनी आणि दर्शनी भाग सगळ्या मालकांच्या सामाईक गळ्यात राहतो. म्हणून उघडून पाहिलेल्या छतांचे फोटो, जाळीचा नकाशा आणि प्रत्येक व्हॉल्व्हची जागा आम्ही रहिवाशांच्या संघटनेच्या हाती देतो. मागच्या वर्षी त्या पहिल्या टॉवरमधून फोन आला. एका घरातलं बाथरूम सरकवायचं होतं, आणि ड्रिल लावण्याआधी प्लंबरने जाळीचा नकाशा मागितला होता.