रविवारची निवड चाचणी आणि आमची मंडळी

शाळांच्या स्पर्धांचा हंगाम तोंडावर आला की आमच्या मिरजेतल्या ख्रिस्ती घरांत एक विषय हमखास निघतो. पोरगी खेळात चांगली आहे, सर म्हणतात पुढं जाईल, आणि निवड चाचणी नेमकी रविवारी सकाळी. उपासनेची वेळही तीच. मग कुणी पाळकांना विचारायला जातं, कुणी सरांच्या मिनतवाऱ्या करतं, कुणी मुलीचं नावच काढून घेतं.

माझी लेक खो-खो खेळते. शाळेकडून 14 वर्षांखालच्या गटात, एरवी क्लबकडून. आमच्या घरी ठरलंय ते असं: सामना किंवा चाचणी रविवारी आली तर जायचं, रविवारच्या सरावाला मात्र जायचं नाही. आणि हे हंगामाच्या आधी ठरवायचं, आदल्या रात्री नाही. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, काहींना यातला पहिला भाग पटत नाही, क्लबमधल्या काहींना दुसरा. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी रविवारच का, ते बघू. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट, आधी तालुका, मग जिल्हा, मग कोल्हापूर विभाग, मग राज्य. त्या बहुतेक शाळेच्या दिवशीच होतात, त्यांचा फारसा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो क्लबच्या निमंत्रित स्पर्धांचा आणि चाचण्यांचा. पंच कुठंतरी शिक्षक असतात, कुणी बँकेत, कुणी एस.टी.त. त्यांना सुट्टी मिळते ती रविवारी. आमच्या लेकीचे सर स्वतः आठवडाभर शाळेत शिकवून रविवारचा दिवस पोरींना देतात, तोही बिनपगारी. यात आम्हाला डावलण्याचा कुणाचा विचार नसतो, हे मंडळीतल्या लोकांनी आधी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता खेळाविषयी. खो-खोत पाठलाग करणाऱ्या नऊ जणी असतात. आठ जणी आडव्या पाट्यांवर उकिडव्या बसलेल्या, एकीचं तोंड या बाजूला तर शेजारणीचं त्या बाजूला, आणि नववी धावत असते. धावणारीला मध्येच वळता येत नाही, दोन खुंटांच्या मधून आरपार पलीकडं जाता येत नाही. म्हणून ती बसलेलीच्या पाठीला हात लावून ‘खो’ देते. हात आधी, आवाज मग. आवाज आधी निघाला की पंचाची शिट्टी. बसलेलीला मागचं काही दिसत नसतं. पाठीवरच्या त्या हातावर भरवसा ठेवून ती उठते आणि त्याच क्षणी सुटते. कुणाच्या शेजारी कोण बसणार, कोण खुंटाजवळ, कोण मधे, हे महिनोन् महिने घोटवलेलं असतं. सामन्याच्या दिवशी त्यातली एक आली नाही तर बाकी आठ जणींची मेहनत वाया जाते. या खेळात शब्द दिलेला असतो, आणि दिलेला शब्द पाळणं हेही आम्ही मुलांना संडे स्कूलमध्येच शिकवतो.

महिला मंडळातल्या एका मावशींनी मला समोर बसवून विचारलं, ‘देवाचा दिवस तू खेळाला देतेस?’ प्रश्न रास्त आहे. माझी आजी मिशन हॉस्पिटलात नर्स होती. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेत सुरू केलेलं ते हॉस्पिटल; मिरजेतली कितीतरी ख्रिस्ती घरं त्याच्याच आधारानं उभी राहिली. आजीची रविवारी ड्युटी असायची. त्याबद्दल तिला कुणी बोल लावला नाही. मावशींचं उत्तर होतं, आजाऱ्याची सेवा वेगळी आणि खेळ वेगळा. खरं आहे, वेगळीच आहे. पण आजीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. रविवार हुकला तरी आठवड्याची प्रार्थना हुकत नसे. ड्युटीवरून आली की ती घरच्यांना बसवून वचन वाचायची, भूक लागली म्हणून कुणी कुरकुर केली तरी. मला तो धागा महत्त्वाचा वाटतो. सामन्याच्या रविवारी आम्ही पहाटे घरी उपासना करतो. लेक वाचते, हे प्रार्थना करतात, मग डबा घेऊन निघायचं. ज्या घरात तेवढंही होणार नसेल, त्यांनी मावशींचा प्रश्न स्वतःला जरूर विचारावा.

सरावाला आम्ही नाही म्हणतो त्याचं कारण साधं आहे. सामने वर्षातून मोजके, सराव दर आठवड्याला. रविवारचा सराव एकदा अंगवळणी पडला की मूल संडे स्कूलमधून कायमचं जातं, आणि तेही भांडून नाही, कुणाच्या लक्षातही न येता. मंडळीची भीती आहे ती याचीच, आणि ती खोटी नाही. मी सरांना हे सांगायला गेले तेव्हा मनात धाकधूक होती. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ताई, रविवार तिला माफ. पण शनिवारी संध्याकाळी तासभर जादा थांबायचं.’ लेक थांबते. सगळेच प्रशिक्षक असं समजून घेत नाहीत, हेही ऐकून आहे. पण आधी विचारावं तर लागेल.

मंडळीत या विषयावर स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल यांचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून ते धावले नाहीत. त्या रविवारी त्यांनी पॅरिसमधल्या स्कॉटिश चर्चमध्ये संदेश दिला. पुढं 400 मीटरमध्ये 47.6 सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक जिंकलं आणि नंतर चीनमध्ये मिशनरी म्हणून गेले. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. मुलांना ही गोष्ट सांगताना दोन बाबी मात्र गाळल्या जातात. एक, त्यांचा निर्णय कित्येक महिने आधी झालेला होता, म्हणून तर 400 मीटरची तयारी करता आली. दुसरी, तो निर्णय एका बावीस वर्षांच्या माणसाचा स्वतःचा होता, आईवडिलांनी लादलेला नव्हता. तेरा वर्षांच्या पोरीचं नाव आपण आदल्या रात्री काढून घ्यायचं आणि वर लिडेलचं उदाहरण द्यायचं, हे त्या माणसावर अन्याय करणारं आहे.

शिवाय इतक्या लांब जायचं कशाला? क्रिकेटपटू विजय हजारे सांगलीचे. 11 मार्च 1915 ला सांगलीत जन्मले, शिक्षकाचे पुत्र, मराठी ख्रिस्ती घरातले. 1943 च्या पंचरंगी सामन्यात (तेव्हा धर्मवार संघ खेळत) हिंदू संघाविरुद्ध ‘रेस्ट’, म्हणजे ख्रिस्ती वगैरे बाकीच्यांच्या, संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेक यांच्याबरोबर 300 धावांची भागी झाली, त्यात विवेक यांच्या 21. बाकीचा वेळ भावानं नुसती एक बाजू लावून धरली. जानेवारी 1948 मध्ये ॲडलेडच्या कसोटीत त्यांनी दोन्ही डावांत शतकं काढली, 116 आणि 145. भारतानं पहिला कसोटी विजय 1952 मध्ये मद्रासला मिळवला तेव्हा कर्णधार तेच. त्या ॲडलेडच्या कसोटीत मधला रविवार विश्रांतीचा होता. तेव्हा ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडात रविवारी कसोटीचा खेळ बंदच असे. आता तशी सुट्टी कुणी देणार नाही, निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो. पण एवढा मोठा खेळाडू आपल्यातला, आपल्या गावचा, आणि आमच्या संडे स्कूलच्या मुलांना ‘विजय हजारे करंडक’ माहीत असतो, हजारे माहीत नसतात. याची मला खंत वाटते.

रविवारपेक्षा नाजूक प्रश्न दुसराच आहे, आणि त्याबद्दल मंडळीत कुणी बोलत नाही. संघात ख्रिस्ती अशी माझी लेक एकटी. स्पर्धेआधी मैदानावर नारळ फुटतो. खंडेनवमीला दोन्ही खुंटांना हळदीकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात. पहिल्या वर्षी लेकीनं घरी येऊन विचारलं, ‘मम्मी, सगळ्या हात जोडतात तेव्हा मी काय करू? आणि खोबरं खाऊ का?’

आम्ही दोघांनी त्या रात्री बायबलमधलं, प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढून तिच्याबरोबर वाचलं. 8 व्या अध्यायात पौल मूर्तीपुढं ठेवलेल्या अन्नाविषयीच बोलतो. खाल्ल्यानं आपण देवाच्या जवळ जात नाही आणि न खाल्ल्यानं आपलं काही उणं होत नाही, पण आपल्या मोकळीकीमुळं दुसऱ्या कुणा विश्वासणाऱ्याला ठेच लागू नये. आणि लगेच 9 व्या अध्यायाच्या शेवटी तोच पौल शर्यतीत धावणाऱ्यांचं उदाहरण देतो. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, तेही पोसायडन देवाच्या नावानं. जिंकणाऱ्याला पानांचा मुगुट मिळे. तो सुकून जाणारा मुगुट पौलानं पाहिलेला असावा असं वाटतं. त्या मैदानावर देव कुणाचा पुजला जातो हे त्याला चांगलं ठाऊक होतं, तरी धावपटूंचा संयम त्यानं आपल्या लोकांपुढं आदर्श म्हणून ठेवला. मला यातून फार धीर आला.

ठरलं ते असं. नारळ फुटतो तेव्हा लेक रांगेत सगळ्यांबरोबर आदरानं उभी राहते, हात मागं बांधून, आणि मनात आपल्या प्रभूची प्रार्थना करते. खोबरं मैत्रिणींबरोबर खाते. आमच्या ओळखीतलं एक घर खोबरं खात नाही, त्यांच्या मुलाला तसं शिकवलंय, आणि तो मुलगा ते इतक्या गोड शब्दांत नाकारतो की कुणी दुखावत नाही. त्यांचंही बरोबरच आहे. नाताळात लेकीचा अख्खा संघ आमच्या घरी फराळाला येतो आणि गव्हाणीपुढं त्या पोरी चपला काढून उभ्या राहतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

मंडळीकडून मला काय हवंय तेही सांगते. दहावी-बारावीचे निकाल लागले की उपासनेत मुलांची नावं घेतली जातात, टाळ्या वाजतात. विभागापर्यंत खेळून आलेल्या मुलाचं नाव कुणी घेत नाही, उलट तो गैरहजर होता तेवढं लक्षात राहतं. खेळ काही मंडळीला परका नाही. बास्केटबॉल 1891 मध्ये आणि व्हॉलीबॉल 1895 मध्ये निघाले ते वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्याच लोकांकडून, आणि 1924 च्या भारतीय ऑलिंपिक संघाची तयारी करून घेणारे हॅरी क्रो बक हेही मद्रासच्या वाय.एम.सी.ए.चेच. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, म्हणजे संसाराच्या हिशेबानंही हा नुसता छंद उरलेला नाही.

आम्ही काही पालकांनी मिळून पास्टरेट कमिटीला, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीला, अर्ज द्यायचं ठरवलंय. हंगामापुरती शनिवारी संध्याकाळी पाऊण तासाची मुलांची उपासना ठेवावी, आणि बाहेरगावी खेळायला जाणाऱ्या मुलांसाठी आदल्या रविवारी नावं घेऊन प्रार्थना व्हावी, एवढंच त्यात आहे. मसुदा माझ्याकडे आहे. सही करायची असेल त्यांनी रविवारी उपासनेनंतर भेटा. ज्यांना पटत नाही त्यांनी तर नक्की भेटा. कमिटीपुढं जाण्याआधी तुमचं म्हणणंही मला अर्जात लिहायचंय. मावशींचं लिहून झालंय.

सर्वांना सलाम.