आषाढात माश्यांना काय?

दिव्यांची अवस. वेळणेश्वर.

दुपारी थोडी उघडीप मिळाली म्हणून मागच्या परसात गेले, तर केळफुलावर सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, माश्या. अंगणातली जास्वंद पावसाने झोडपून निघालेली, गुलबक्षी आडवी झालेली. केळफूल मात्र खाली तोंड करून लटकतं. त्याची तांबडी पाकळी उचलली गेली की तीच खालच्या फुलांवर छपरासारखी राहते, आत पाणी फारसं शिरत नाही. एकेक माशी फुलात डोकं घालून बराच वेळ बसत होती. घाई म्हणून नाहीच.

माश्यांसाठी बारा महिने फुलणारी बाग करायची, तर कोकणात खरी चिंता थंडीची नाही. पौष-माघात आंबा मोहोरलेला असतो, काजू फुललेला असतो, काटेसावर लाल होते, पुढे करवंद, जांभूळ. तेव्हा माश्यांना आपली गरज नसते. फक्त मोहोर फुललेला असताना औषधाचा पंप मारू नये एवढी कृपा करावी, कारण आंब्याची फळधारणा बरीचशी साध्या माश्यांच्याच जिवावर होते आणि फवारा तुडतुडा कोणता नि माशी कोणती ते बघत नाही. ओढ लागते ती मृगापासून गणपतीपर्यंत. पराग धुऊन जातो, दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही, साठवलेल्या मधावर पोळं तगतं. अगदीच उपासमार झाली तर सातेरी घर सोडून निघून जाते.

म्हणून माझी बाग मी आषाढापासून मागे मोजत लावते. पहिला मान नारळाचा. बाणवलीच्या, म्हणजे उंच देशी जातीच्या, झाडाला साधारण महिन्याला एक नवी पोय, म्हणजे फुलोरा, येते. तिच्यातली नरफुलं आधी उमलतात आणि मादीफुलं नंतर, त्यामुळे पराग बहुतेक शेजारच्या झाडावरून यावा लागतो. वारा आणतो, माश्याही आणतात. भर पावसातही कुठल्यातरी माडावर पोय उघडी असतेच. आमच्या वाडीतल्या माश्या टिकतात त्या मुख्यतः यावर, असं मला वाटतं.

मग भारंगी. पहिल्या पावसात कोवळी पानं भाजीला खुडतो, पण गडग्याकडची, म्हणजे दगडी कुंपणाकडची, झुडपं मी खुडू देत नाही. त्यांना आता निळसर जांभळे तुरे आलेत आणि मोठा काळा भुंगा सकाळपासून तिथेच. तो राहतो मांगराच्या, म्हणजे वाडीतल्या खोपटाच्या, जुन्या वाशात, स्वतः पोखरलेल्या भोकात. वासा बदलायचं घरात चाललंय. बदलला तरी जुना तुकडा आडोशाला टांगून ठेवायचा, हे मी सांगून ठेवलंय.

वांग्यावर मात्र सातेरीचं काही चालत नाही. वांग्याच्या फुलात पराग बंद नळ्यांत असतो, टोकाला फक्त बारीक छिद्र. पोटावर निळे पट्टे असलेली एक एकटी राहणारी माशी येते, फुलाला मिठी मारते आणि अंग थरथरवते. आवाज एकदम चढतो, पराग भुरभुर खाली पडतो. जवळ उभं राहिलं की ऐकूच येतं. तिचं घर मातीत. म्हणून पडवीमागची मातीची भिंत मी सिमेंटने लिंपू दिलेली नाही.

संध्याकाळी पडवळाची पांढरी झालरीची फुलं उघडतात, ती रात्रीच्या पतंगांसाठी. तेवढ्यासाठी मागचा दिवा जेवणं झाली की बंद.

गवत कापायला आलेला गडी विचारत होता, "वहिनी, ह्यो टाकळा नि तेरडा काढून टाकू?" नको म्हटलं. श्रावण-भाद्रपदात हीच फुलं. वाटेवरचं तेवढं काप, बाकी गणपती झाल्यावर बघू. पपनसाची पानं अळ्यांनी कुरतडलीत, ती पण राहू देत. नीलवंताच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतात. २०१५ साली त्याला राज्याचं फुलपाखरू केलं, पण पानं खाल्लेली दिसली की अजून लोक औषध शोधतात.

मला सगळ्यात जास्त लागतं ते किंजळीचं. पावसाच्या शेवटाला आणि नंतर तिच्यासारखी फुलणारी झाडं इथे थोडी. पण दरवर्षी भाजावळीसाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जागा भाजायला, ऐन-किंजळीची कवळं (फांद्यांचे भारे) तोडतात आणि बोडक्या खोडाला फुलोरा कुठून यायचा? भाताच्या तरव्याची (रोपांची) जागा भाजायलाच हवी असं वाटणाऱ्यांशी मी भांडत नाही, त्यांचंही पोट आहे. आमच्या हद्दीतल्या झाडांना मात्र कोयता लागू देत नाही. नर रातांबाही (कोकमाचं झाड) ठेवलाय. फळ धरत नाही म्हणून लोक तो तोडतात, पण जवळपास एकही नर उरला नाही तर मादीवरचं फळ येणार कुठून?

परवा उघडीप मिळाली तर गडग्यालगत किंजळीची रोपं लावायची आहेत. शेजारची गुरं कोवळं काही सोडत नाहीत, तेव्हा आधी काट्यांचं कुंपण.