तुम्ही विचारलंत म्हणून: आरएचडीएस करू का सीएचडीएस?

एमटीचा, म्हणजे मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा (डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेलं ऐकून रिपोर्ट टाइप करायचं काम) कोर्स संपत आला की मुली मला हमखास विचारतात, ताई आरएचडीएस (रजिस्टर्ड हेल्थकेअर डॉक्युमेंटेशन स्पेशालिस्ट) करू का डायरेक्ट सीएचडीएसच्याच (त्यातलं सर्टिफाइड) मागे लागू, आणि जुन्या सीनियर्सच्या नावापुढे सीएमटी (सर्टिफाइड मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्ट) असतं ते काय वेगळं आहे का? तर वेगळं नाही, नावं बदललीत फक्त. या परीक्षा अमेरिकेतल्या एएचडीआय (असोसिएशन फॉर हेल्थकेअर डॉक्युमेंटेशन इंटिग्रिटी) या आपल्या क्षेत्रातल्या संस्थेच्या. ती १९७८ ला एएएमटी (अमेरिकन असोसिएशन फॉर मेडिकल ट्रान्सक्रिप्शन) नावाने सुरू झाली, २००७ मध्ये नाव बदललं, आणि पुढे आरएमटीचं (रजिस्टर्ड मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्ट) आरएचडीएस झालं, सीएमटीचं सीएचडीएस.

आरएचडीएस ही पहिली पायरी, नुकता कोर्स झालेल्यांसाठी किंवा एकाच स्पेशालिटीचं काम केलेल्यांसाठी. सीएचडीएस त्याच्या वरचं, ज्यांनी अक्यूट केअरमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या सगळ्या प्रकारच्या फाईलींवर, निदान २ वर्षं घासलीयेत, म्हणजे आज कार्डियाक, उद्या ऑर्थो, परवा डिस्चार्ज समरी असं सगळं ऐकलंय त्यांच्यासाठी. हे लायसन्स नाही हं, सक्तीचंही नाही, आणि एकदा मिळालं की जन्मभर पुरत नाही, दर ३ वर्षांनी रिन्यू करावं लागतं.

पण खरं सांगू का, टायपिंग स्पीड चांगला आहे म्हणून वरची परीक्षा द्यायला निघालेल्यांची मला काळजी वाटते. इलियम हा एकच शब्द घ्या. कानाला अगदी एकच ऐकू येतो, पण स्पेलिंगमध्ये एलनंतर ई असेल (ileum) तर लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि आय असेल (ilium) तर कमरेचं हाड. सुरुवातीला मी रात्री तीनला पोटाच्या ऑपरेशनच्या फाईलमध्ये हाडवाला इलियम टाकला होता, क्यूएने (आपलं काम तपासणाऱ्या टीमने) फाईल परत पाठवली तेव्हा पोटात गोळाच आला, कारण तो कागद कुणाच्या तरी उपचाराचा होता. तेव्हापासून वाक्याचा अर्थ लागला नाही तर मी अंदाजाने काही भरत नाही, ब्लँक सोडते आणि तपासायला फ्लॅग करते, दिवसाच्या टाइप केलेल्या लाईन्स कमी झाल्या तरी चालतील. आता सॉफ्टवेअर ड्राफ्ट करून देतं आणि आपण एडिट करतो, तरी कुठला इलियम हे ठरवायला माणूसच लागतो.

म्हणून सध्या आरएचडीएसच करा. आणि सीएचडीएसची फी भरायच्या आधी टीम लीडकडून तुम्हाला न जमणाऱ्या स्पेशालिटीच्या फाईली मागून घ्या, जरा अवघड अ‍ॅक्सेंटवाल्या डॉक्टरांच्या मिळाल्या तर फारच छान.