गांधी गेट आणि योशिदा

आज पहाटेच नागपूरच्या महाल भागातल्या गांधी गेटसमोर जलरंग घेऊन बसलो. डोक्यात हिरोशी योशिदा. हा जपानी चित्रकार १९३०-३१मध्ये भारतभर फिरला, सांची, ताजमहाल पाहिले आणि त्यांची चित्रं लाकडी ठशांवरून छापली. ताजचे तेच ठसे, फक्त रंग बदलायचा की झाली सकाळची रात्र! मी सावली जांभळी करावी की तपकिरी, यातच अर्धा तास घालवला. तेवढ्यात ऊन चढलं. नागपूरचं ऊन, दुसरा हात मारेस्तोवर पहिला वाळून कडक! पोहेवाला डोकावला, "काय काढून राहिले काका? गेट तर वाकडं झालं नं!"

झालंच होतं. तर्री मारून पोहे खाल्ले. उद्या साडेपाचलाच जातो.