मानीव

रविवार, रात्र

दुपारी जेवून आडवा झालो तो चारला उठलो. खण उघडाच होता. पासपोर्ट होता, मुदत संपलेलं कार्ड होतं, पण तो घडीचा कागद नव्हता. आईला विचारलं तर म्हणाली, "आप्पा घेऊन गेले की कोपऱ्यावर. लॅमिनेशन करायला."

अनवाणी पळालो. झेरॉक्सच्या दुकानात आप्पा स्टुलावर बसलेले, कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून तयार, आणि लाईट गेलेली. "मशीन तापलं आणि नेमकी गेली बघ," आप्पा वैतागून म्हणाले. लहानपणी परीक्षेच्या आदल्या रात्री गेलेल्या सगळ्या लाईटचा हिशेब मी त्या मिनिटाला माफ केला.

आमच्या घरात हरवू नये असं जे जे आहे ते प्लॅस्टिकमध्ये आहे. रेशनकार्ड, माझी दहावीची मार्कलिस्ट, आप्पांचं निवृत्तीचं पत्र, आजोबांची गिरणीतली हजेरीची चिठ्ठीसुद्धा. भूमी अभिलेखात नोकरी काढलेल्या माणसाने वाळवीने खाल्लेले नकाशे बघितलेत, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण या कागदाला प्लॅस्टिक चढलं असतं तर तो अजून चालतो का, हे मला विमानतळावर उभं राहून कळलं असतं.

संध्याकाळी त्यांना नीट समजावून सांगायला बसलो. कागदाचं नाव फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. आप्पांनी पहिला तुकडा पकडला. "फिक्शन म्हणजे कथा-कादंबरी ना? सरकारी कागदाला असलं नाव?"

असलंच आहे. माझ्या ब्लू कार्डची, म्हणजे जर्मनीत राहून काम करायच्या परवान्याची, मुदत डिसेंबरात संपली. नूतनीकरणाचा अर्ज मी मुदत संपायच्या आत टाकला होता, आणि सगळी मदार त्यावरच आहे. वेळेत अर्ज केलेला असला की निकाल लागेपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं जर्मन कायदा धरून चालतो. कलम 81, पोटकलम 4. बोटांचे ठसे देऊन झाले, ऑफिसातल्या बाई म्हणाल्या सगळं व्यवस्थित आहे, आता कार्ड यायचं बाकी. ते कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यात तयार होतं आणि त्याला चार-सहा आठवडे सहज लागतात. गड्डा, म्हणजे आमची सोलापूरची सिद्धेश्वरांची जत्रा, तेवढं थांबत नाही. म्हणून हा कागद.

आतल्या पानावर तीन चौकोन आहेत. पहिल्यात खूण असेल तर देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, या कागदावर परत येता येत नाही. तिसऱ्यात असेल तर जुनं कार्ड आणि पासपोर्ट सोबत ठेवून जाता येतं, परत येता येतं. आप्पांनी चष्मा लावून तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"इथं तर फुली मारलीय बे. म्हणजे हे नाही."

"तिकडे बरोबरला फुली मारतात, आप्पा."

"आणि चुकीला?"

"काही मारत नाहीत."

ते बराच वेळ त्या फुलीकडे बघत होते. खरं सांगायचं तर एवढी वर्षं तिकडे राहून मलाही ती फुली पहिल्यांदा दिसली तेव्हा पोटात गोळा आला होता.

मंगळवार

आतेबहिणीचा टेक्सासहून फोन. तिच्या एच-वन-बीची, म्हणजे अमेरिकेतल्या कामाच्या परवान्याची, मुदतवाढ मंजूर झालीय, मंजुरीचा कागद हातात आहे, तिथे राहायला, काम करायला कसलीच आडकाठी नाही. पण पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का जुना. बाहेर पडली की नवीन शिक्क्याशिवाय आत येता येणार नाही, आणि 2025च्या सप्टेंबरपासून ड्रॉपबॉक्सचा, म्हणजे मुलाखतीशिवाय नुसते कागद देऊन व्हिसा घ्यायचा, रस्ताही तिच्यासारख्यांना बंद झाला, मुलाखत द्यावीच लागते. तिला मुंबईची जानेवारीची तारीख मिळाली होती. डिसेंबरात सोशल मीडियाच्या तपासणीचा नियम लागू झाला, इथल्या बऱ्याच मुलाखती पुढे ढकलल्या गेल्या, त्यात तिचीही गेली. तिकीट रद्द. "मला व्हिडिओवर काठ्या दाखव," एवढंच म्हणाली. काठ्या म्हणजे गड्ड्याच्या मिरवणुकीतले नंदीध्वज.

चुलतभाऊ लंडनला. त्याचाही अर्ज पडून आहे. तिकडे निकालाआधी देशाबाहेर गेलं की अर्ज मागे घेतला असं धरतात. तिकडेही धरणंच, फक्त उलट्या बाजूने. एका आजीची तीन नातवंडं, तिघंही कामाला, तिघांचे कर भरलेले, आणि गड्ड्याला कोण येणार हे तीन देशांच्या तीन कलमांवर. आजी असती तर तिने तिघांनाही शिव्या घातल्या असत्या, आधी कन्नडमधून.

अक्षतेचा दिवस, रात्री उशिरा

पाय दुखताहेत. हिरेहब्बू वाड्यापासून काठ्या निघाल्या तेव्हापासून आप्पांच्या बरोबर चाललो. सातही नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि दर थोड्या वेळाने "हर्र बोला हर्र". गुडघ्यामुळे आप्पा यंदा काठीला हात लावणार नव्हते. मी आलो तो त्यासाठीच, त्यांनी बोलावलं नव्हतं. बाराबंदी मात्र त्यांनी घातली होती, इस्त्री करून. एक काठी जवळून गेली तेव्हा पेलणाऱ्या पोराचा तोल जरासा गेला, दोरीवाल्यांनी सावरला, पण आप्पांचे दोन्ही हात आपोआप वर गेले होते. ते मी पाहिलं हे त्यांना कळलं नाही. मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघितलं.

आतेबहिणीला व्हिडिओ लावला. गर्दीत नेटवर्क नाही, चित्र अडकलेलं. तिला काठ्यांऐवजी दहा मिनिटं माझा कान दिसत होता म्हणे.

संमती कट्ट्यावर "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं आणि अक्षता उडाल्या. शर्टात, केसांत, कानात तांदूळ. सिद्धरामेश्वरांवर कुंभारकन्येचं मन बसलं, त्यांना संसार करायचा नव्हता, म्हणून त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला सांगितलं. तेच लग्न दरवर्षी लागतं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट.

परत येताना मंदिराच्या तळ्याजवळ शेंगा घेऊन बसलो. आप्पा मधेच म्हणाले, "लग्न कुणाशी लागलं?"

"योगदंडाशी."

"पण लागलं का नाही?"

"लागलं."

"मग झालं तर. मानीव." शेंग फोडत म्हणाले, "आमच्याकडे मानीव अभिहस्तांतरण असतं. बिल्डर सही करत नाही, म्हणून सरकार म्हणतं, केली असं मानू. तुझा कागद म्हणजे मानीव परवाना. कादंबरी म्हणे."

तीन दिवस मी जे जर्मनमधून मराठीत आणत होतो ते यांच्या ऑफिसात रोज टेबलावर पडलेलं असायचं.

पण एक फरक आहे, तो मी त्यांना सांगितला नाही. इथे मानायला मैदान भरून माणसं असतात. तिथे चेक-इनच्या काउंटरवर एकच मुलगा बसलेला असतो, रात्रीची पाळी, मागे रांग. अपुऱ्या कागदांवर माणूस नेला की दंड विमान कंपनीला बसतो, म्हणून त्याला नाही म्हणणं सोपं पडतं. मी तिकीट थेट जर्मनीत उतरणारं घेतलं, मध्ये दुसऱ्या देशाच्या पोलिसाला हा कागद वाचायला लावायला नको. त्या मुलाच्या मनात काय येईल ते मात्र तिकिटावर छापलेलं नसतं.

शुक्रवार

तिकडच्या मित्राने माझ्या टपालपेटीचा फोटो पाठवला. नव्या कार्डाच्या पिनचं पत्र आलंय. म्हणजे कार्ड तयार झालं असणार! आईने साखर वाटली. मग तिला सांगावं लागलं की कार्ड तिकडच्या ऑफिसात, मी इकडे, जायचं या कागदावरच. "मग आनंद कशाचा?" तिचं बरोबर आहे, तरी साखर मी खाल्ली.

रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस. बॅगेत शेंगाचटणी दोन किलो, कडक भाकरीची थप्पी, चुलतभावासाठी चादर, जी लंडनला कधी पोचेल ते त्याचं कलम जाणे.

कागदपत्रांची पिशवी आप्पांनी स्वतः भरली. झेरॉक्सच्या पाच प्रती, नोकरीचा करार, पगाराच्या पावत्या. मूळ कागद वेगळ्या खाकी पाकिटात. पाकिटावर त्यांच्या ऑफिसातल्या गोल अक्षरात, लाल शाईने: "मूळ प्रत. तिसरा चौकोन पाहावा. फुली म्हणजे होय. लॅमिनेट करू नये."